जुन्या खोडावरचं फडकं

वसंत सरत आला की शहाणी माणसं कुंड्या सावलीला सरकवतात, वाफ्यांवर वाळक्या पानांचं आच्छादन घालतात आणि पाणी सकाळी घालावं की संध्याकाळी, यावरून शेजाऱ्यांशी भांडतात. त्या वर्षी त्या गल्लीत यातलं काहीच होत नव्हतं. गल्ली सकाळी सातला आंघोळ उरकून नर्सरीवाल्या काकांच्या फाटकापुढे रांगेत उभी राहत होती. रांग शिंप्याच्या दुकानाला वळसा घालून दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत पोचायची. डॉक्टर हरखले होते. त्यांच्या दारात इतकी माणसं पहिल्यांदाच जमली होती. ती पेशंट नव्हती, हा भाग वेगळा.

दर्शन होतं गुलाबाचं. मेलेल्या आणि परत आलेल्या गुलाबाचं.

गुलाबाशेजारी, वेताच्या खुर्चीवर, हिरवे गुरुजी बसलेले असत. अंगात हिरवी कफनी, पायांत हिरव्या सपाता, हातात पितळी फवारणी पंप. आवाज असा मऊ, की ऐकणाऱ्याला आपण लोण्यात बुडतोय असं वाटावं.

"झाड मरत नाही हो!" गुरुजी सांगत होते. "झाड फक्त आपल्याशी बोलायचं थांबतं. त्याची एक लहर असते, तुमची एक लहर असते आणि दोघांच्या मधे जी लहर असते ती तुटते. मी ती जोडतो."

"किती लहरी झाल्या?" रांगेतल्या शिंप्याने शेजारणीला हळूच विचारलं.

"तीन."

"मधली कोणाची?"

"गप्प बसा हो. म्हणूनच तुमचं लिंबू परत आलं नाही."

शिंप्याने गळ्यातली टेप सारखी केली. ते लिंबू त्याच्या बायकोने बी टोचून वाढवलं होतं, आणि बायको जाऊन दोन वर्षं झाली होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं बाई बघत होत्या. नर्सरीवाल्या काकांच्या त्या पत्नी, पण एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणे. निरीक्षणाआधी निष्कर्ष लिहिणाऱ्या मुलांच्या वह्या त्यांनी शेकड्याने परत केल्या होत्या. आता त्यांच्याच अंगणात पाऊणशे माणसं निष्कर्षाला नमस्कार करत होती आणि बाई चहा गाळत होत्या.

गप्प राहायला कारण होतं. त्यांची एकुलती लेक, घरात जिला तेविसाव्या वर्षीही 'पिल्लू' म्हणत, पावसाळा संपता संपता चार दिवसांच्या तापात गेली होती. नर्सरीत बापाच्या हाताखाली ती कलमं करायला शिकली होती. जंगली गुलाबाच्या खुंटाची साल चिरून तिने स्वतःच्या हाताने भरलेला पहिला डोळा म्हणजे हा गुलाब. पांढरा, भरगच्च पाकळ्यांचा. ती गेली आणि त्या थंडीत गुलाबही वाळला. काकांनी बोलणं सोडलं, मग जेवणही सोडल्यासारखंच केलं. ताटात वरण निवून साय धरायची आणि ते सायीकडे बघत बसायचे.

थंडी ओसरताना हिरवे गुरुजी आले. त्यांनी पंप फवारला, वाळलेल्या खोडाभोवती काळं फडकं गच्च गुंडाळलं आणि बजावलं, "हा जुना देह. हा उघडायचा नाही. उघडलात तर येणारी माघारी फिरेल." वीस दिवसांनी मातीलगत तीन धुमारे फुटले. गुरुजींनी डोळे मिटले आणि म्हणाले, "लेक आली."

त्या दिवशी काका दोन पोळ्या जास्त जेवले. असल्या पोळ्यांशी वाद कसा घालायचा, हे कुठल्या बायकोला ठाऊक असतं?

पण शुक्रवारी पहिली कळी उमलली. फिकी गुलाबी, पाच पाकळ्यांची, रुपयाएवढी. रांगेत कुजबुज झाली. पिल्लूचा गुलाब पांढरा होता हे सगळ्यांना माहीत होतं.

गुरुजी अजिबात गडबडले नाहीत. "एवढ्या लांबून यायचं म्हणजे रंग उतरणारच! प्रवासात तुमचा नाही उतरत?" लोकांना पटलं. मग त्यांनी पुढचं जाहीर केलं: रविवारी जुनं खोड कापून अग्नीला द्यायचं, आणि नर्सरीच्या मागच्या जागेत 'लहर केंद्र' उभारायचं. काकांनी मान डोलावली.

बाई पदराला हात पुसत अंगणात आल्या. "खोड कापायचं नाही. ते तिच्या हातचं आहे."

"बाई, तुमच्या मनात शंका आहे," गुरुजी मायेने म्हणाले. "शंकेने पानं पिवळी पडतात."

"लोह कमी पडलं तरी पडतात," बाई म्हणाल्या.

त्या घरात गेल्या, जुनी प्रयोगवही काढली आणि चपला घालून बाहेर पडल्या. गुरुजींनी गल्लीत आणखी चौदा घरांतल्या झाडांना फडकी बांधली होती. बाईंनी चौदाही घरं पालथी घातली. नऊ झाडं 'परत' आली होती, पाच आली नव्हती. आलेली नऊच्या नऊ कलमी होती. न आलेली पाचही बियांची, नाहीतर आपल्याच मुळांवरची. त्या पाच घरांना गुरुजींनी एकच निदान दिलं होतं: श्रद्धा कमी. आणि कलमी झाडांवरचं प्रत्येक फडकं कलमाच्या गाठीच्या, म्हणजे दोन झाडांच्या जोडाच्या, बोटभर खालीच थांबलं होतं. फडकं बांधणाऱ्या हाताला गाठ नेमकी कुठे असते हे माहीत होतं. असा हात आकाशातून उतरत नाही, कुठल्यातरी नर्सरीतून सुटतो.

शनिवारी दुपारी नवऱ्यापुढे बसून बाईंनी वही उघडली. काका रोपांच्या पिशव्यांत माती भरत होते.

"अहो, ते धुमारे कलमाचे नाहीत. खालच्या जंगली खुंटाचे आहेत. एका देठावरची पानं मोजलीत? पिल्लूच्या गुलाबाला पाच-पाच असायची, ह्याला सात आहेत."

काका माती भरत राहिले. "माहीत आहे."

"काय?"

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना तेच सांगत आलो ना, की खालची फूट दिसली की खुडा, ती वरच्या कलमाचं खाते. मला कळणार नाही?"

बाईंनी वही मिटली. "मग मान कशाला डोलावता?"

"अगं, रोज पाऊणशे माणसं येऊन म्हणतात, तुमची लेक आली. मी काय म्हणू? नाही आली? गुरुजी येईपर्यंत तिचं नाव तरी कोणी काढत होतं का आपल्यापुढे? सगळे रस्ता बदलायचे." त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "खोड तर मेलंच होतं. मग बिचाऱ्या जंगलीला नावं का ठेवायची?"

"मेलं होतं हे कशावरून? साल खरवडून बघितलीत?"

काका हाताची माती झटकू लागले. लोकांच्या घरी जाऊन, मेलं म्हणून टाकून दिलेल्या झाडाची साल नखाने खरवडून, "अहो, हिरवं आहे की!" असं ओरडायची त्यांची सवय प्रसिद्ध होती.

"तुम्ही बघितलंच नाहीत," बाई म्हणाल्या.

"भीती वाटली गं."

दोघं उठून गुलाबाकडे गेले. दर्शनाची वेळ संपली होती, गुरुजी आतल्या खोलीत पंख्याखाली झोपले होते. लेक परत आणून माणूस थकणारच. फडक्याची गाठ काकांना सुटेना. बाईंनी कात्रीने ती कापली आणि फडकं वेढ्यावेढ्याने उलगडलं.

आत, कलमाच्या गाठीच्या वर, जिथे पिल्लूने डोळा भरला होता नेमकं तिथून, वीतभर लांबीचा एक कोंभ निघाला होता. पांढुरका, सुतळीसारखा बारीक. उजेड कुठे आहे हे शोधत तो फडक्याच्या आतल्या आत खोडाला दोन वेढे घालून वर गेला होता. टोकाला एका देठावर पानं होती. बाईंनी ती मोजली. पाच. कागदासारखी वाळलेली.

काकांनी नखाने साल खरवडली. तपकिरी. खाली खरवडली, अजून खाली खरवडली. अगदी गाठीपाशी एका ठिकाणी ओलसर पिवळट लागलं. ते त्यांनी बोटाने दाबून पाहिलं आणि हात मागे घेतला. "आठवड्यापूर्वीपर्यंत होतं," ते म्हणाले. "आठवडा, फार तर दहा दिवस."

त्या आठवड्यात शेजारच्या काट्यांना पाऊणशे माणसं रोज नमस्कार करत होती.

काका मातीतच बसले आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडले. पंख्याखालच्या गुरुजींची झोप मोडली. त्यांनी दार किलकिलं करून बघितलं आणि ही कुठली लहर आहे ते ओळखून दार पुन्हा लावून घेतलं.

रविवारी गर्दी दुप्पट होती. कुऱ्हाडीला हिरवी फीत बांधलेली होती. गुरुजींनी घसा साफ केला, तोच काका तो वाळका कोंभ तळहातावर धरून फाटकाशी आले.

"गुरुजी, ह्याला काय म्हणाल?"

गुरुजींनी बघितलं. माणूस चलाख होता, डोळे एकदाच लवले. "हा... हा मोह आहे. जुन्या देहाचा मोह. तुम्ही फडकं उघडलंत! मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंत," काका म्हणाले. "त्यातच सगळं आलं." मग ते रांगेकडे वळले. आवाज त्यांनी चढवला नाही, त्यामुळे मागच्यांना पुढे सरकावं लागलं. "कलमी झाड म्हणजे दोन झाडं. मुळं जंगलीची, वरचं आपल्या आवडीचं. वरचं दुखावलं की खालचं आपोआप फुटतं. फवारा लागत नाही, गुरुजी लागत नाहीत, उलट त्याला आवरायलाच माळी लागतो. वरचं फडक्यात कोंडलं की ते नक्की मरतं आणि खालचं नक्की वाढतं. झालं. चमत्कार एवढाच. हे मला पहिल्या दिवशी कळत होतं आणि मी बोललो नाही. माझी लेक गेली ती तापाने गेली, तिथे कोणाचं काही चाललं नसतं. पण तिचा गुलाब जगला असता. तो मी मारला. दुःखात डोळे मिटून घेतले की बरं वाटतं, पण त्या वेळात काय काय मरतं बघा."

गुरुजी म्हणाले, "भक्तहो, ह्यांची लहर—"

"तिसरी लहर कोणाची ते सांगा आधी!" शिंपी ओरडला. कोणीतरी हसलं, आणि मग कोणीच हसलं नाही. गुरुजींनी पंप उचलला आणि मागच्या दाराने गेले. हिरव्या सपाता राहिल्या, त्या घ्यायला ते कधी परत आले नाहीत.

रांग मात्र मोडेना. माणसं उभीच राहिली. घरी जाऊन काय करायचं, हे कोणालाच सुचत नव्हतं.

"घरी जा," बाई म्हणाल्या. वर्गात बोलायच्या त्याच आवाजात. "फडकी सोडा. नखाने साल खरवडा. वर मेलं म्हणून थांबू नका, पार मातीपर्यंत बघत जा. हिरवं दिसलं तर पाणी घाला, सावली करा. कोणी काहीही सांगो, आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बघितल्याशिवाय काही मानू नका, मेलं म्हणूनही नाही आणि परत आलं म्हणूनही नाही."

माणसं पांगली. शिंपी तेवढा फाटकाशी घुटमळला. हातातली टेप तो गुंडाळत होता, सोडत होता.

"बाई, माझं लिंबू... फडकं अजून आहे त्याच्यावर. उघडलं आणि हिरवं नसलं, तर?"

बाईंनी फाटक उघडून धरलं.

"तर इकडे या," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघं आहोत. तिघं मिळून रडू. पण उघडा."