आठही कापडं बरोबर

धाकटी जाऊ माझ्या मशीनवर बसली त्या दिवसापासून मी तिच्यावर जळते. उगाच लपवायचं कशाला? शिवणाचं दुकान दोघींचं, पण खिडकीजवळचं मशीन माझं. मापाची, नाजूक कामं माझी, पडदे आणि उशांचे अभ्रे तिचे. मग मला कॅन्सर झाला. केमोनं गाठ गेली, पण जाताना माझ्या बोटांतली जाणीवही घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, औषधानं नसा दुखावल्यात, वेळ लागेल. तोवर मशीनला हात लावायचा नाही, सुई बोटात घुसली तरी तुम्हाला कळायचं नाही.

आता गिऱ्हाइकं दारातून माझी विचारपूस करतात आणि मापं धाकटीला देतात. परवा एक बाई म्हणाली, "धाकट्या ताईंचा हात अगदी तुमच्यासारखा बसलाय हो." मला बरं वाटावं म्हणूनच म्हणाली बिचारी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आठवड्यातून दोनदा बोटांची थेरपी. थेरपिस्ट पोरगेलीशी, सारखी "छान, छान" म्हणणारी. तांदळाच्या डब्यात हात घालून बटणं शोधायची, मग ती शर्टाला लावायची, काढायची. मला बटणं लावायला शिकवत होती! घरी हाच सराव धाकटी करून घ्यायची. मी तांदूळ उपसत बसायची. शेवटी ती हात घालायची आणि पहिल्या फटक्यात बटण बाहेर. "हे बघा ताई, तळाशीच होतं." तळाशी होतं ते मलाही माहीत होतं. तिची ती दहा शहाणी बोटं माझ्या डोळ्यांत खुपायची.

मशीन परत मिळायला एकच परीक्षा होती. डोळे मिटायचे, थेरपिस्ट बोटांखाली कापडाचे तुकडे ठेवणार, आठांपैकी सहा ओळखायचे. पहिल्या खेपेला दोन ओळखले, दुसऱ्या खेपेला तीन. तीस वर्षं कापडात घालवलेली बाई मी, आणि मखमल कुठली, गोणपाट कुठलं, कळेना. घरी येऊन मी जेवले नाही. धाकटी म्हणाली, "होईल हो ताई, घाई काय आहे?" तिला कशाला असेल घाई?

तिसऱ्या खेपेला मी कापड नुसतं चाचपलं नाही, घासलं. सॅटिन सळसळतं. कॉरडरॉय खरखरतं. नवं सुती कापड कोरड्या कागदासारखं वाजतं आणि मखमल गप्प असते. हे त्या पोरीला कुठून ठाऊक असणार? ती बोटांकडे बघत राहिली, मी कान लावून बसले. आठही बरोबर. तिनं आनंदानं टाळी वाजवली आणि लिहून दिलं: मशीन हळूहळू सुरू करायला हरकत नाही.

तो कागद मी धाकटीच्या पुढ्यात आपटला. ती चटकन उठली. मशीनला तेल दिलं, नवी सुई बसवली, माझी खुर्ची पुसली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

फिकट निळ्या रेशमी झग्याची बाही घेतली. पहिली शिवण सरळ आली. दुसरीही. दुकानात त्या मशीनचा आवाज कसा भरून राहिला! आता हिचं तोंड उतरलंय का ते बघायला मी मान वर केली. पाय पायडलवरच होता.

आणि खरंच तिचा चेहरा बदलला. डोळे विस्फारले, ओठ वाकडे झाले. जळली एकदाची, मी मनात म्हटलं. काय आनंद झाला मला!

"आई गं!" धाकटी किंचाळली आणि झेप घेऊन तिनं बटण बंद केलं.

मी खाली बघितलं. सुई माझ्या तर्जनीच्या नखातून आरपार गेली होती. निळ्या बाहीवर लाल डाग पसरत होता. मला काही म्हणता काही होत नव्हतं. धाकटी मात्र स्वतःचं बोट मुठीत आवळून उभी होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. इतका हेवा मला तिचा कधीच वाटला नव्हता.

"ताई, हलू नका, मी सुई वर घेते," ती म्हणाली.

"आधी सांग," मी म्हटलं. "कसं दुखतंय गं?"