उसवलेली ओळ

पोरगी पुण्यात काय शिकते, असं पौडच्या बाजारात कुणी विचारलं, तर ताजबी ताकास तूर लागू द्यायची नाही. "डागदरीण व्हनार हाय," म्हणायची आणि घाईनं पुढच्या वाकळेचं माप घ्यायला लागायची. गावाच्या वाकळा शिवून शिवून तिनं पोरीला कॉलेजात घातलं, आणि पोरगी काय करते, तर बेडकांच्या पिल्लांची तोंडं उघडून बघते! हे चारचौघांत कसं सांगायचं?

फहमिदा मात्र कौतुकानं सांगायची. ताम्हिणीच्या वाटेवर झाडबेडूक पाण्यावर आलेल्या फांदीला फेसाचं घरटं करतात, आणि पिल्लं त्यातून टपटप खाली डबक्यात पडतात. दोन जातींची पिल्लं वरून सारखीच दिसतात. पण त्यांच्या ओठांवर काळ्या बारीक दातांच्या ओळी असतात. एका जातीच्या वरच्या ओठावर चार, दुसरीच्या पाच. दोन्ही जातींची पिल्लं तिनं दोन वेगळ्या बाटल्यांत ठेवली होती. दुसरीच्या त्या एका जास्तीच्या ओळीवर तिची दोन पावसाळ्यांची मेहनत उभी होती.

भाद्रपदातल्या एका रविवारी तिचे सर एस.टी.नं पौडला आले. ओसरीवर त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडला, दुसऱ्या बाटलीतलं एक पिल्लू बघितलं आणि म्हणाले, "चारच ओळी आहेत. दोन्ही बाटल्यांत एकच जात. तू ओठाची घडी ओळ म्हणून मोजलीस. मग तुलना कसली आणि प्रबंध कसला?"

"सर, मी चाळीस पिल्लं पाहिली आहेत."

"पाच दिसाव्यात असं मनात असलं, की पाच दिसतात."

माणूस वाईट नव्हता, फक्त एकदा बोलला की बोलला. फहमिदाचे डोळे भरून आले. ते पाहून कोपऱ्यात वाकळ शिवणाऱ्या ताजबीनं सुई खोचून ठेवली.

"मी बगू का?"

"अम्मा, तू राहू दे."

"का गं? कुटल्या बशीत कुटलं पिल्लू, मला काय ठावं? माझ्या मनात कशाला काय असंल?"

सरांना हे पटलं. त्यांनी फहमिदाला आत पाठवलं, सहा बश्यांत पिल्लं ठेवली आणि बश्यांची उलटापालट केली.

ताजबीनं सुईत दोरा ओवताना मिटायची तसा एक डोळा मिटला. "ह्येच्या चार. वरली सलग, खालच्या तिन्ही मदी तुटल्यात." सर लिहीत गेले. दुसऱ्याच्या पाच. तिसऱ्याच्या पुन्हा चार. असं करत ती शेवटच्या बशीपाशी आली आणि तिथं बराच वेळ थांबली.

"पाच."

"बाई, हे मघाशी मीच मोजलं. चार आहेत."

"सायेब, वरली ओळ उसवलीया. दात गळल्यात, पर सुईची वाट तशीच हाय. दोरा गेला म्हनून टाका घातलाच न्हवता, असं म्हनता का?"

सरांनी सूक्ष्मदर्शकाचा आरसा उजेडाकडे वळवला, चष्मा काढला, पुन्हा घातला. ओठाच्या कडेला एक उघडी बारीक कड होती, आणि तिच्या टोकाला एकच काळा दात चिकटून राहिला होता. त्यांनी आपली यादी पडताळली. सहाच्या सहा बरोबर होत्या.

"फहमिदा, बाहेर ये," ते म्हणाले. "पाचच आहेत. मी चुकलो."

मग तिची वही ओढून त्यांनी खाली एक ओळ लिहिली. ताजबीला वाचता येत नव्हतं. फहमिदानं वाचून दाखवलं, "दातांच्या ओळींची तपासणी: श्रीमती ताजबी." ताजबीनं ते दोनदा वाचायला लावलं. एवढा अभिमान तिला जन्मात कधी वाटला नव्हता, आणि आपण पोरीचं शिक्षण लपवत आलो याची तेवढीच लाजही वाटली.

तेवढ्यात आपली वाकळ न्यायला शेजारची गोजराबाई आली. ओसरीवरचा पसारा बघून दारातच थबकली. "कुनी आजारी हाय का गं? का तुज्या पोरीनं आत्ताच डागदरकी मांडली?"

"डागदरीण न्हाई व्हनार ती. मी खोटं सांगत व्हते," ताजबी गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "माजी पोर बेडकाच्या पिल्लांचं दात मोजती."

"अगं बया! दात?"

"ये, डोळा लाव हितं. आन वरल्या ओळीपास्नं नीट मोज, गोजराबाई. तितं सर बी चुकले, माजी पोर न्हाई."