आठ नंबरची शिदोरी

चंदनासारखं झिजावं, असं आपल्याला लहानपणापासून सांगतात. सांगणाऱ्यांनी चंदनाचं मूळ कधी उकरून पाहिलेलं नसतं. पाहिलं असतं, तर दुसरं एखादं झाड शोधलं असतं. कारण हे सज्जन झाड जमिनीखाली शेजारच्या झाडाच्या मुळांना बारीक बारीक गाठींनी चिकटतं आणि त्यांच्यातलं पाणी, क्षार, जमलं तर थोडं तयार अन्नही ओढून घेतं. तसं ते अगदीच ऐतखाऊ नाही. पानं हिरवी असतात, आपली साखर आपण करतं. पण शेजारी गेला की चंदनाचेही दिवस भरत आले म्हणून समजा.

वनसंशोधन केंद्रातल्या थेंबताईला हे सगळं तोंडपाठ होतं. चोवीस वर्षं ती तिथल्या प्रयोगशाळेत लाकडावर आयोडीनचे थेंब टाकत आली होती, म्हणून हे नाव. झाडाच्या लाकडात स्टार्च साठलेला असला, तर थेंब निळाकाळा होतो. नसला, तर पिवळसर तपकिरी राहतो. स्टार्च म्हणजे झाडाची शिदोरी. चांगल्या दिवसांत भरून ठेवायची, वाईट दिवसांत सोडायची. ताईचा थेंब खोटं बोलत नाही, असं केंद्रात सगळे म्हणत. ऐकून ऐकून तीही तसंच मानायला लागली होती.

केंद्राच्या मागच्या तुकड्यात चंदनाची चाळीस झाडं होती. त्यांना मुळं चिकटवायला म्हणून मध्ये लावलेली यजमान झाडं मुळकुजीनं एका वर्षात पटापट मेली. यजमान गेले आणि पाहुणे ताटकळत उभे राहिले. नवीन यजमान रोपं लावून झाली होती, पण त्यांची मुळं चंदनाच्या उपयोगी पडायला दोन वर्षं तरी लागणार होती. तोवर ज्याच्या पोटात शिदोरी, ते तगणार. ज्याचं पोट रिकामं, ते उभ्या उभ्या वाळणार आणि त्याला लागलेले भुंगेरे बाकीच्यांनाही पोखरणार. म्हणून साहेबांनी सांगितलं, "ताई, सगळी तपासा. रिकामी असतील त्यांची यादी द्या. ती आधीच काढून टाकू."

ताईनं यादी केली. बारा झाडं रिकामी निघाली. त्यांत आठ नंबर होतं.

आठ नंबर तिच्या नवऱ्यानं लावलेलं होतं. तो त्याच केंद्रात माळी होता. लग्न झालं त्या वर्षी त्यानं ते रोप लावलं आणि तीन वेळा मरता मरता वाचवलं. जाऊन त्याला चार वर्षं झाली होती. ताई दुपारचा डबा त्या झाडाखाली खायची. कोणी विचारलं तर म्हणायची, तिथे सावली बरी असते. चंदनाची सावली ती केवढी! पण कोणी वाद घालत नसे.

पोकळ गिरमिटानं खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढायची, तासायची, थेंब टाकायचा, अशी रीत. कार्यपद्धतीच्या पत्रकात लिहिलं होतं: छातीच्या उंचीवर, तीन बाजूंनी. बाकीच्या झाडांच्या तीन तीन कांड्या काढल्या, आठ नंबरच्या अकरा. अकराही पिवळ्या. अकराव्या वेळी गिरमिट फिरवताना तिचा तिलाच राग आला.

घरी नणंद मशीनवर परकर शिवत होती. दादा गेल्यापासून दोघी एकत्रच राहत. यादीवर नजर टाकून ती म्हणाली, "वहिनी, आठ वगळ ना. अकरा काय आणि बारा काय, कोण मोजायला बसलंय?"

"मी बसलेय."

"तुझा तो थेंब कधी चुकतच नाही का गं?"

"चोवीस वर्षांत नाही चुकला."

"माणसं चुकतात, थेंबाचं काय घेऊन बसलीस," असं म्हणून नणंदेनं पाय दाबला आणि मशीन घरघरायला लागलं. ताईनं रागारागानं यादी परत लिहिली आणि आठ नंबर सगळ्यांत वर घातलं. आपल्या माणसाचं झाड म्हणून पाठीशी घातलं, असं उद्या कोणी म्हणायला नको. खरेपणाची अशी मिजास चढली की माणूस पहिला घाव आपल्याच पायावर घालतो.

तोडीचा मुकादम सोमवारी सकाळी सहा माणसं घेऊन आला. चंदन नुसतं कापत नाहीत. मुळातही सुगंधी लाकूड असतं, म्हणून भोवती खणून, मुळं तोडून, झाड समूळ काढतात. ताई लांब उभी राहणार होती, पण राहवलं नाही. ती खड्ड्याच्या कडेला येऊन उभी राहिली. झाडाला नुकतीच नवी पालवी आली होती, तांबूस, कोवळी. मरणाऱ्या झाडाला हा थाट कुठून सुचतो, असं तिच्या मनात आलं. आणि तिथेच ती अडखळली. हा थाट झाडानं कशाच्या जिवावर केला? पोटात काही नसताना?

तोवर तीन बाजूंची मुळं तुटली होती आणि शेंड्याला दोर लागला होता. मनगटाएवढ्या एका मुळाचा ताजा काप तिच्या पायाशी पडला होता. आयोडीनची बाटली अॅप्रनच्या खिशात कायमचीच असायची. तिनं वाकून एक थेंब टाकला.

थेंब शाईसारखा काळा झाला.

तिनं दुसऱ्या मुळावर टाकला. काळा. तिसऱ्यावर टाकला. काळाच. खोडातली शिदोरी झाडानं नव्या पानांसाठी संपवली होती आणि बाकीची सगळी खाली, मुळांत राखून ठेवली होती. पालवी फुटून पंधरा दिवस झाले नाहीत, तोच ही बाई गिरमिट घेऊन खोडापाशी गेली. ज्यांना पालवी यायची होती, त्यांची खोडं तेवढी भरलेली निघाली. शितावरून भाताची परीक्षा करतात, हे खरं. पण शीत तरी त्याच भांड्यातलं हवं ना! पत्रक दुसऱ्याच जातीच्या झाडांसाठी लिहिलेलं होतं. ते वाचणारी, समजणारी आणि तरीही डोळे मिटून पाळणारी ती होती.

"थांबवा!" ती ओरडली. "मुकादम, थांबवा!"

मुकादम खड्ड्यातून वर आला. त्यानं काळी झालेली मुळं पाहिली, तिचा चेहरा पाहिला. चाळीस वर्षं तोडीत घालवलेला माणूस, त्याला जास्त सांगावं लागलं नाही.

"ताई, एकच मूळ राहिलंय," तो हळू आवाजात म्हणाला. "झाड कललंय. आता बुजवलं, तरी वाऱ्यानं कुणाच्या तरी अंगावर येईल. मला माझी माणसं बघायला हवीत."

तिनं बाटलीला बूच लावलं आणि ती कडेपासून मागे सरली. त्यानं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं आणि माणसांना खूण केली.

बाकीच्या अकरांना त्या दिवशी कुणी हात लावला नाही. ताईनं स्वतः गुडघ्यांवर बसून प्रत्येकाचं एकेक मूळ उकरलं, बोटभर साल काढली, थेंब टाकला, माती परत लोटली. संध्याकाळपर्यंत नखं फुटली. नऊ झाडांच्या मुळांत शिदोरी होती. दोन खरोखरच रिकामी होती.

साहेब तरुण होते, मनानं वाईट नव्हते. "तुमची काय चूक, ताई? पत्रकच तसं होतं," ते म्हणाले. "बाकीच्यांची फेरतपासणी केली, एवढंच लिहू. आठ नंबर होतंच रिकामं. संपला विषय."

"नव्हतं रिकामं."

"अहो, पण आता ते लिहून कुणाचं भलं होणार आहे?"

"साहेब, हे दडवलं, तर पुढच्या वर्षी दुसरं कोणीतरी पालवीच्या दिवसांत गिरमिट घेऊन खोडापाशीच जाईल."

तिनं तिथेच बसून लिहिलं. तपासणी कोणत्या दिवशी केली, पालवी केव्हा आली, कोणतं लाकूड तपासायला हवं होतं आणि तपासलं नाही. आठ नंबरच्या मुळांतला साठा मोजून, तो कसा आणि किती पुरला असता, याचा हिशोब मांडला. शेवटी लिहिलं: निष्कर्ष चुकीचा होता, तो मी काढला. खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली, याचं तिला नवल वाटलं.

घरी आली तेव्हा नणंद दारातच उभी होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती, पण अर्धीच. झाड पडलं एवढीच.

"हात बघ कसे झालेत," म्हणत तिनं ताईला बसवलं, पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "जाऊ दे, वहिनी. जिवाला लावून घेऊ नकोस. ते जाणारच होतं ना गं?"

हो म्हणणं किती सोपं होतं! एक शब्द, आणि दोघींनाही झोप लागली असती. ताईनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"नाही. मुळं भरलेली होती त्याची. तीन वर्षं सहज काढली असती त्यानं. नवीन झाडांना दोनच लागणार होती."

नणंदेनं पाठीवरचा हात काढून घेतला. "हे ऑफिसात सांगितलंस?"

"लिहून दिलं."

"मग झालं की! तिथे खरं लिहून दिलंस ना?" तिचा आवाज चिरकला. "मला खोटं सांगितलं असतंस, तरी चाललं असतं."

आणि मशीनवर डोकं टेकून ती रडायला लागली. ताई तिच्या शेजारी जमिनीवर बसली. सकाळपासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता आलं, आणि ते पुसायला तिनं हात वर केला नाही.