अठरा गाण्यांचा क्रम

धाकटीनं ताईच्या उजव्या कोपराखाली उशी सरकवली आणि चाकाची खुर्ची टेबलाला लावली. ताईनं डाव्या हातानं केस चाचपले. धाकटीनं विंचरून दिले होते, पण भांग बोटभर चुकला होता आणि ते ताईच्या बोटांना लगेच कळलं. तिनं मान वळवून धाकटीकडे पाहिलं.

“असू दे गं आता. चार वाजले. येतील ती तुझी मंडळी.”

“हो,” ताई म्हणाली.

तेवढा एक शब्द उरला होता. तीन महिन्यांपूर्वी सकाळी दात घासताना तिच्या हातातून ब्रश पडला आणि ब्रशपाठोपाठ ती. अकरा दिवसांनी रुग्णालयातून घरी आली, तेव्हा उजवी बाजू निम्मी झाली होती आणि बोलणं सगळंच गेलं होतं. ‘हो’ कसा कोण जाणे, मागे राहिला. भूक लागली का? हो. पोट भरलं का? हो. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना कळतंय बरंचसं; किती, ते मात्र सांगता यायचं नाही. आणि तोंडून आलेला शब्द त्यांना म्हणायचा होता तोच असेल, असं धरून चालू नका.

बेल वाजली. आधी पार्लरवाली आत आली, तिच्यामागे छातीशी वही धरून पोस्टमास्तर. पोस्टमास्तर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण चौकट ओलांडताना पाय पुसायची त्यांची पद्धत अजून सरकारीच होती.

“अध्यक्षबाई!” ते म्हणाले आणि वहीवरची धूळ झटकू लागले. वहीवर धूळ नव्हती.

पार्लरवालीनं पर्समधून कंगवा काढला, काही न विचारता ताईच्या मागे उभी राहिली आणि दोन हातांत भांग जागेवर आणला. ताईनं डोळे मिटून घेतले.

हे झिपरीचं मंडळ. झिपरी म्हणजे गायिका. कपाळावर केस मोकळे सोडून गायची, म्हणून चाहत्यांनीच लाडानं ठेवलेलं नाव. एके काळी तिचं प्रत्येक नवं गाणं बाजारात आलं की दुकानासमोर रांग लागायची. अशी सुटी, एकेकटी आलेली गाणी अठरा. मग तिनं गाणं सोडलं, रांगा मोडल्या, दुकानंही गेली. मंडळ मात्र दरवर्षी एका रविवारी जमायचं आणि त्या अठरा गाण्यांचा क्रम लावायचं. गाणी तीच, क्रमावरून भांडण मात्र दर वर्षी नवं. सव्वीस वर्षं हे चाललं होतं. एवढी वर्षं धाकटी त्या रविवारी घराबाहेर पडायची. झिपरीचा आवाज म्हणजे तिला पाटीवर नख ओढल्यासारखा वाटे. या वर्षी बाहेर पडणं शक्य नव्हतं.

“बाकीच्यांनी फोनवर क्रम कळवलेत,” पोस्टमास्तरांनी वही उघडली. “आमचे दोघांचे धरून आठ झाले. आणि पेच पडलाय. ‘रिकामी सीट’ आणि ‘नंबर चुकला’, दोन्हींना सारखेच गुण.”

“पेच कसला? ‘नंबर चुकला’च पहिलं,” पार्लरवाली म्हणाली.

“‘रिकामी सीट’मध्ये दुसऱ्या कडव्याआधी ती श्वास घेते. तो श्वास ऐका नुसता. तसा श्वास घ्यायला आयुष्य घालवावं लागतं.”

“श्वास काय, मीपण घेते! अहो, ‘नंबर चुकला’ लागलं की माझ्याकडे डोक्याला रंग लावून बसलेल्या बायका उठून नाचतात. परवा एकीनं सगळा आरसा काळा केला.”

“बायका नाचल्या म्हणून गाणं मोठं होत नाही.”

“आणि कोणीच नाचलं नाही म्हणून होतं वाटतं?”

ताई दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तिच्या तोंडाची डावी कड वर उचलली गेली. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तीन महिन्यांत ताई अशी हसलेली तिनं पाहिली नव्हती.

“भांडून काय उपयोग?” पोस्टमास्तर म्हणाले. “बरोबरी झाली तर अध्यक्ष ठरवणार. नियम यांनीच केलाय.” ते ताईकडे वाकले. “अध्यक्षबाई, ‘रिकामी सीट’ ना?”

“हो.”

“की ‘नंबर चुकला’?” पार्लरवालीनं विचारलं.

“हो.”

“पहिल्या ‘हो’मध्ये दम होता.”

“दम कसला? तुम्ही कानाशी ओरडलात म्हणून दचकली ती!”

दोघं हसले. मग त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पोस्टमास्तरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

धाकटीनं चहा टेबलावर ठेवला. तिला शुक्रवारची संध्याकाळ आठवली. गुरुवारी ती कामावर असताना ताई खुर्चीतून उतरायला गेली आणि पडली. शेजारणीला आवाज आला तोवर तासभर ती फरशीवर होती. धाकटी काम करायची त्या चष्म्याच्या दुकानाचे मालक सज्जन होते, पण त्यांनीही सांगितलं होतं की एक तारखेपासून पूर्ण वेळ यायचं तर या, नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल. आणि शुक्रवारी शुश्रूषा केंद्रातून फोन आला. एक खाट रिकामी झाली आहे. सोमवारी दहापर्यंत सांगा. धाकटी ताईच्या पायाशी बसली होती.

“ताई, तिथे चोवीस तास माणूस असतं. बोलायचं शिकवणारी बाई येते रोज. जाशील?”

“हो.”

धाकटीच्या छातीवरचा धोंडा उतरला. मग, का कोण जाणे, तिनं उलटं विचारलं.

“की इथेच राहायचंय तुला? माझ्याजवळ?”

“हो.”

दोन्ही ‘हो’ अगदी सारखे. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये तो एवढासा शब्द.

“पत्ते कुठायत गं?” पार्लरवालीनं विचारलं.

“कसले पत्ते?”

“ती आधी पुठ्ठ्याचे पत्ते मांडून क्रम लावते ना! दरवर्षी. तुला माहीत नाही?”

धाकटीला माहीत नव्हतं. पार्लरवालीनंच टेबलाच्या खणातून ते काढले. अठरा तुकडे, प्रत्येकावर ताईच्या ठसठशीत अक्षरात एकेका गाण्याचं नाव. तिनं ते टेबलावर पसरले आणि ताईचा डावा हात त्यांच्यावर ठेवला.

“लाव बाई तू. आम्ही नाही बोलत.”

ताईनं बराच वेळ काहीच केलं नाही. मग तिनं एक पत्ता उचलला आणि टेबलाच्या वरच्या कडेला ठेवला. त्याच्याखाली दुसरा. तिसऱ्याला थांबली, परत ठेवला, वेगळा घेतला. चहा थंड झाला. अठरावा पत्ता ठेवून तिनं बोटानं रांगेची कड सरळ केली आणि हात मांडीवर घेतला.

पोस्टमास्तर वही घेऊन पत्त्यांवर वाकले. “हे काय? ‘जिना’ पहिलं?”

“‘जिना’?” पार्लरवालीही वाकली.

“सव्वीस वर्षांत यांनी ‘जिना’ला सोळाव्याच्या वर येऊ दिलेलं नाही. हे बघा, गेल्या वर्षी अठरावं. वर शेरा, ‘झोप आली.’ आणि ‘रिकामी सीट’ तेराव्यावर? नाही, नाही. हे यांचं नाही. हात जाईल तसे ठेवलेत.”

“माणसाचं मत बदलत नाही का?”

“एवढं? रातोरात?”

“पत्ते पिसा आणि पुन्हा लावायला द्या,” धाकटी म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. या विषयावर ती आजवर चकार शब्द बोलली नव्हती.

“दुकानात मी डोळे तपासते,” ती म्हणाली. “भिंगं बदलत विचारते, पहिलं बरं की दुसरं. लोक काहीही सांगतात. कंटाळून सांगतात, मला बरं वाटावं म्हणून सांगतात. म्हणून थोड्या वेळानं तेच भिंग न सांगता पुन्हा लावते. उत्तर तेच आलं तर धरायचं.”

पोस्टमास्तरांनी ताईनं लावलेला क्रम वहीत उतरवला. पार्लरवालीनं पत्ते पिसले, उलटसुलट पसरले. ताईनं धाकटीकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी हात लवकर चालला. ‘जिना’. मग ‘थांब जरा’. मग ‘काचेचं घर’. पोस्टमास्तर वहीवर बोट ठेवून एकेक नाव ताडून बघत होते. अठराव्या नावापर्यंत एकही इकडचं तिकडे झालं नाही.

मग पार्लरवाली हळूच म्हणाली, “पण ‘जिना’ का? त्यात गाणं तरी कुठंय? नुसती गुणगुणते ती. चार ओळी सोडल्या तर शब्दच नाहीत.”

पोस्टमास्तर वही बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. एकेक गाणं मनात म्हणून बघत असावेत. मग त्यांनी चष्मा काढला.

“‘थांब जरा’मध्येही नाहीत फारसे,” ते म्हणाले. “जसं खाली जावं तसे शब्द वाढत जातात. शेवटचं ‘नंबर चुकला’. त्यात तर ती श्वासही घेत नाही.”

पार्लरवालीनं तोंडावर हात ठेवला. ताई खिडकीबाहेर बघत होती.

जाताना पोस्टमास्तर दाराशी घुटमळले. निकाल काय लिहायचा, हे त्यांनी विचारलं नाही. “पुढच्या रविवारीही येऊ का?” एवढंच विचारलं. धाकटी “या” म्हणाली, आणि पुढच्या रविवारी इथे कोण असेल, हे तिला सांगता आलं नाही.

दार लावून ती परत आली तेव्हा पत्ते तसेच रांगेत होते. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. शुक्रवारपासून ती स्वतःला समजावत होती की ताईचं मत कळायला मार्गच नाही. कळलं असतं तर त्याप्रमाणेच केलं असतं. आता मार्ग टेबलावर मांडलेला होता.

तिनं बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. दोन तुकडे. एकावर ‘घर’ लिहिलं. दुसऱ्यावर ‘केंद्र’ लिहिताना पेन अडखळलं, तिनं अक्षर पुन्हा गिरवलं. मग दोन्ही ताईपुढे ठेवले. मध्ये हातभर अंतर ठेवलं, चुकून हात जाऊ नये म्हणून.

“ताई, उद्या त्यांना सांगायचंय. मी तुला रागावणार नाही, काहीही उचललंस तरी. खरंच.”

ताईनं एक पत्ता वाचला. मग दुसरा. वाचत होती हे नक्की. डोळे अक्षरांवरून सरकत होते. धाकटीनं आपले हात टेबलाखाली घेतले. कोणता उचलला जावा असं आपल्याला वाटतंय, हे तिला त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

ताईनं ‘घर’ उचललं. ते ‘केंद्र’वर ठेवलं. दोन्हींच्या कडा जुळवल्या, टेबलावर टक टक आपटून नीट केल्या आणि तो जोड धाकटीपुढे सरकवला.

“तसं नाही गं. एक घे. कुठलं तरी एक.”

धाकटीनं पत्ते पुन्हा मांडले. या वेळी जागा बदलून, ‘केंद्र’ डावीकडे. ताईनं तिच्याकडे पाहिलं. शाळेत असताना धाकटी गणित अडलं की वही घेऊन यायची तेव्हा ताई बघायची, तसं. मग तिनं ‘केंद्र’ उचलून ‘घर’वर ठेवलं, कडा जुळवल्या आणि जोड पुन्हा धाकटीपुढे सरकवला. या वेळी तिचा हात पत्त्यांवरून उठला नाही. धाकटीनं ते हातात घेईपर्यंत तो तिथेच होता.

दोनदा विचारलं होतं. उत्तर तेच आलं होतं: ठरव तू.

सोमवारी पावणेदहाला धाकटीनं केंद्रात फोन लावला. पलीकडे एक तरुण बाई होती, आवाज घाईतला पण गोड. नाव, वय, औषधं, पथ्य. कोणत्या हाताला जोर आहे. पडण्याचा इतिहास आहे का. धाकटी एकेक उत्तर देत गेली. आतल्या खोलीत ताई जागी होती; दार उघडंच होतं.

“आवडीनिवडी काही लिहायच्या आहेत का? नसतील तर रेघ मारते.”

“आहेत,” धाकटी म्हणाली. “गाणी आवडतात तिला.”

“गा-णी,” पलीकडची बाई लिहिता लिहिता म्हणाली. “बरं. नातं काय तुमचं?”

“थांबा, झालं नाही अजून. लिहून घ्या. पहिलं, ‘जिना’.”

“अहो, एकच ओळ आहे इथे.”

“दुसरं, ‘थांब जरा’.”

“मॅडम, फॉर्मवर जागा नाहीये तेवढी.”

धाकटी थांबली. पलीकडे पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. आतून खुर्चीचं चाक किंचित करकरलं.

“तिसरं,” ती म्हणाली, “‘काचेचं घर’.”