दगडांपलीकडची रेती

मेंढी पोटापर्यंत गाळात रुतली होती. म्हाळसाबाईंनी तिच्या छातीखाली हात घातले, मुलाने मागून उचललं, तेव्हा कुठे ती सुटली.

"आई, बास झालं आता," सोमनाथ चिखल निपटत म्हणाला. "मेंढरं धुवायला जागाच नाय ऱ्हायली. पाचोडच्या बाजारात इकू अन् चल माझ्यासंगं बजाजनगरला ऱ्हायला."

"कातरणीच्या टायमाला टेम्पो घिऊन ये. त्या दिशी एक जरी रुतली, तर समदी इकू."

नाथसागर धरणाचा हा काठ पूर्वी रेतीचा होता. कातरणीआधी मेंढ्या सरळ पाण्यात उतरत, लोकर धुऊन निघे. मग पश्चिमेकडच्या चुलत दिराने, सांडूने, मोटरीखालचा काठ खचू नये म्हणून पाण्यात दगडांची रांग टाकली. त्यानंतर म्हाळसाबाईंच्या काठाची रेती जात राहिली आणि खालचा काळा गाळ उघडा पडला. त्यांनी ओढ्यातून रेती आणून त्यावर टाकली. वारा सुटला की ती पूर्वेला बाभळीपाशी जाऊन बसे. पुन्हा टाकली, पुन्हा गेली.

तेव्हा त्यांनी विटांचा चुरा आणला. रेतीत लाल रंग ओळखू येतो. एक पाटी दगडांच्या पलीकडे सांडूच्या बाजूला टाकली, एक अलीकडे, आणि बघत राहिल्या. पश्चिमेच्या वाऱ्याने लाट काठावर तिरकी चढे, कण वर नेई आणि सरळ खाली उतरे. दर लाटेला कण जरासा पूर्वेला सरके. पलीकडचा चुरा दगडांना अडून बसला. अलीकडचा चालत चालत मेंढ्यांच्या जागी आला.

सांडू पाण्यात बसून मोटरीच्या पाइपातली रेती काढत होता.

"भावजी, दगडं काढा म्हणत नाय मी. हितं साचलेली रेती तेवढी नेऊ द्या."

"माझ्या काठाची?"

"तुमच्या काठाची कशाची? वाटंत अडकलीया. अन् तुमचा पाइप कशानं तुंबतो मग?"

सांडूने पाइपातली आणखी एक मूठ रेती काढून बाजूला टाकली. मग म्हणाला, "न्या."

म्हाळसाबाईंनी घमेलं भरलं आणि दगडांच्या अलीकडे, अगदी लगत ओतलं.

"वहिनी, गाळ तिकडं हाय. उन्हानं डोकं फिरलं काय?"

"तिथं टाकली की जाती. हितं टाकली की तिथं येती. हमाली लाटंला करू द्या."

सांडू हसला. त्या रोज ओतत राहिल्या. मान आखडली, घमेल्याखालची डोक्यावरची चुंबळ झिजली. एके सकाळी पलीकडे रेतीचा ढीग फावड्याने ओढून ठेवलेला होता. सांडूच्या फावड्याला ओली रेती चिकटलेली होती. म्हाळसाबाईंनी त्या ढिगातूनच घमेलं भरलं.

ठरल्याप्रमाणे टेम्पो आला. म्हाळसाबाईंनी रुतलेली तीच मेंढी आधी पाण्यात घातली. सोमनाथ काठावर उभा राहून तिच्या पायांकडे बघत होता. मेंढी पोटापर्यंत पाण्यात गेली, थांबली, अंग झाडलं. मागून बाकीच्या उतरल्या.

"रुतली का?" म्हाळसाबाईंनी विचारलं.

"नाय."

"मग लाग धुवायला."

सोमनाथने बूट काढले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

वारा वाढला होता. लाटा तिरक्या चढू लागल्या होत्या. म्हाळसाबाईंनी चुंबळ डोक्यावर ठेवली, रिकामं घमेलं उचललं आणि त्या दगडांकडे निघाल्या.