बावीस गावांची पानं

“ह्या कोणी लिवल्यान गो?” पप्पांनी चष्मा कपाळावर ढकलत विचारलं.

“मीच,” मी म्हटलं. दोन दिवस खपून मी त्यांच्या वेबसाइटवर बावीस गावांची बावीस पानं केली होती. मजकूर एकच, फक्त गावाचं नाव बदललेलं. मिठबावमध्ये उत्कृष्ट पंप दुरुस्ती. मालवणमध्ये उत्कृष्ट पंप दुरुस्ती. कोणी मोबाइलवर गावाचं नाव टाकून पंपवाला शोधला, की सिप्रियन फर्नांडिस, म्हणजे पप्पा, सगळ्यात वर दिसायला हवेत, एवढाच हेतू. हल्ली दिसायची ती बाहेरची एक कंपनी. तिनेही गावागणिक पान केलं होतं, पण तिचा माणूस या गावांत कधी फिरकलेला नव्हता. तीस वर्षं सतत वाजणारा पप्पांचा फोन आता आठवडा आठवडा गप्प असायचा. असंच चाललं तर त्यांचा धंदा बसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

“बावीस गावांक एकच औषध?” पप्पा हसले. “पुस ता, डेलिशा. मी सांगतंय, तू लिव.”

आणि ते सांगत सुटले. मिठबावला किनाऱ्याजवळच्या विहिरीतून उन्हाळ्यात एका दमात टाकी भरू नका; अर्धा तास पंप चालवा, मग तासभर उसंत द्या, नाहीतर खारं पाणी चढेल. कणकवलीकडे झाडाखालच्या विहिरीत पाइपाच्या तोंडाला पाचोळा चिकटतो. जाळी बांधा, मला बोलवायची गरज नाही.

“पप्पा, सगळाच फुकट सांगितल्यार फोन कोण करतलो?”

“ज्याका ह्या जमणा नाय तो करतलो. लिव.”

या त्यांच्या आत्मविश्वासाचा मला लहानपणापासून राग येतो. दर वेळी तेच बरोबर ठरतात, याचा त्याहून जास्त.

शेवटचं पान झालं तेव्हा ते म्हणाले, “आता सगळ्यांवर ह्या घाल. मी आता बावीत उतरणंय नाय. उतरणारो माणूस तुमचो. मी वरसून सांगतलंय.”

माझी बोटं थांबली. त्यांचे गुडघे दुखतात हे मला दिसत होतं, पण त्यांनी ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं. कसल्याही विहिरीत उतरणारा सिप्रियन, हीच तर त्यांची पंचक्रोशीत ओळख.

“ह्या नको, पप्पा. लोक दुसऱ्याक बोलवतले.”

“बोलवंदेत. थंय जावन नाय म्हणण्यापेक्षा बरा.”

मी लिहिलं. लिहिताना मला रडू आलं. पप्पांनी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

नऊ दिवसांनी मिठबावहून फोन आला. पप्पांच्या जुन्या गिऱ्हाईक सत्यवतीकाकींची सून तेजस्वी बोलत होती. “तुमचा पान वाचून उसंत दिलंय, तरी टाकीत पाणी येणा नाय. येवा तुमी. उतरूक मी आसंय.”

माझ्या स्कूटरवर मागे बसून पप्पा वाटभर शीळ घालत होते. तेजस्वी ओढणी कमरेला बांधून तयारच उभी होती. पप्पांनी वाकून पाइपावर हात ठेवला, कान लावला आणि म्हणाले, “खालचो वॉल्व्ह गेलो. दुसरा काय नाय.”

मग त्यांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, छातीवर क्रूस काढला आणि पहिल्या पायरीशी आले. तिथेच उभे राहिले.

थोड्या वेळाने ते बाजूला सरकले, तेजस्वीला वाट दिली आणि खणखणीत आवाजात वरून पहिला कोणता नट सोडवायचा ते सांगितलं.