चौथा चौकोन

‘अकरावा मजला’ या मालिकेवर मी पहिला अभिप्राय लिहिला तो चादरीच्या घडीवरून. “लाँड्रीतली मावशी चादर झटकून कोपऱ्यात कोपरा घालते ते अगदी बरोबर दाखवलंय. तिला कुणीतरी नीट शिकवलेलं दिसतंय.” एवढंच. वाहिनीच्या पानावर बाकीचे लोक खून कुणी केला यावर हमरीतुमरीवर आले होते. मध्येच माझी चादर.

मालिका एका हॉस्पिटलातली. मालकाचा खून होतो, आणि डॉक्टर, वकील, मालकाची बायको, मेहुणा असे सगळे एकमेकांकडे तिरकं बघत पन्नास भाग काढतात. या सगळ्यांत कपड्यांचे गठ्ठे बांधणारी एक मावशी होती. आमच्या घरात मालिका चालायची ती तिच्यासाठी. सासूबाईंनी, मी त्यांना आईच म्हणते, हॉस्पिटलच्या लाँड्रीत एकतीस वर्षं काढली आणि त्या घरी बसल्यावर त्यांच्याच टेबलावर मी उभी राहिले. टीव्हीवर आमच्यातलं कुणी येतं तेव्हा ते दार उघडायला येतं आणि जातं. ही मावशी टिकली होती. साडेआठ वाजता आई चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढायच्या आणि म्हणायच्या, “बघू, आज आपली बाई काय करते.”

आईंच्या मनात एक जुना काटा आहे. त्यांच्या वेळी एका पेशंटचं घड्याळ हरवलं. गाउनच्या खिशातून लाँड्रीत गेलं असणार, असं वरच्यांनी परस्पर ठरवलं. आईंना तीन दिवस कामाशिवाय बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं. चौथ्या दिवशी घड्याळ पेशंटच्याच पिशवीत सापडलं. चुकलं असं कुणी म्हणालं नाही. “लागा कामाला,” म्हणाले. वर्षातून एकदा आई हे सांगतात आणि दर वेळी एकाच वाक्यावर थांबतात: “मी काही बोलले नाही.”

मालिका संपत आली तेव्हा नेमाने अभिप्राय लिहिणाऱ्या वीस जणांना वाहिनीने बोलावलं. शेवटचा भाग आधी दाखवणार, आमचं मत घेणार. मी रजा टाकली. आईंनी माझी कॉलर सरळ केली आणि म्हणाल्या, “त्यांना सांग, मावशीला निदान एक नाव तरी द्या.”

गुबगुबीत खुर्च्यांची खोली होती. एका भिंतीला काळी काच होती आणि काचेमागे मालिकेची माणसं बसली होती. आमच्यावर एक बाई नेमली होती. हातात फॉर्मचा गठ्ठा, चेहऱ्यावर सकाळीच इस्त्री केलेलं हसू. तिने आधी सह्या घेतल्या, की इथे पाहिलेलं बाहेर सांगणार नाही. मग दिवे घालवले.

खून मावशीने केला होता.

जिना, धक्का, रक्त. मग मावशी लाँड्रीत येते, रक्ताने भरलेला ॲप्रन वाफाळत्या पाण्याच्या टबात बुडवते आणि खसाखसा घासते. ॲप्रन दुधासारखा पांढरा बाहेर येतो. मावशी कॅमेऱ्याकडे बघून हसते. पन्नास भागांत ती कधी हसली नव्हती.

दिवे लागले. फॉर्मवर प्रश्न होता, ‘खुनी पटला का?’ खाली तीन चौकोन. पूर्ण पटला. बराचसा पटला. सांगता येत नाही.

“न पटल्याचा चौकोन कुठे आहे?” मी विचारलं.

“तो या फॉर्मवर नाहीये,” फॉर्मवाली म्हणाली.

“मग दुसऱ्या कुठल्या फॉर्मवर आहे?”

शेजारी एक निवृत्त मास्तर बसले होते. ते हळूच म्हणाले, “बाई, मी आयुष्यभर असेच पेपर काढले. मुलं हैराण व्हायची.”

मी पेन काढलं आणि तिसऱ्याखाली चौथा चौकोन आखला. पट्टी नव्हती, जरा तिरपा आला. त्यापुढे ‘पटला नाही’ लिहून खूण केली. फॉर्मवालीने वाकून पाहिलं.

“ताई, असं फॉर्मवर नाही लिहायचं.”

“मत घ्यायला बोलावलंत ना? ते हे आहे.”

“पण का नाही पटलं?”

“रक्तावर गरम पाणी टाकलं की डाग शिजतो. कायमचा बसतो. लाँड्रीत पहिल्या दिवशी हेच शिकवतात. तीस वर्षं काम केलेली बाई झोपेतसुद्धा असं करणार नाही.”

“प्रेक्षक डाग बघत नाहीत ताई. ते चेहरा बघतात.”

“मी प्रेक्षक आहे,” मी म्हटलं. “मी डाग बघितला.”

माझ्या कॉलरच्या आत नेहमी दोन सेफ्टी पिना असतात, गठ्ठ्यांना चिठ्ठ्या लावायला. एक काढली आणि बोटाला टोचली. चहाच्या टेबलावर पांढरे कापडी रुमाल होते, त्यातल्या दोन रुमालांवर एकेक थेंब नीट दाबला. एका ग्लासात चहाच्या यंत्रातलं उकळतं पाणी घेऊन एक रुमाल घातला, दुसरा गार पाण्याच्या ग्लासात.

“अहो, बोटाचं काय,” मागून एक टॅक्सीवाला म्हणाला.

“त्याला सवय आहे.”

मास्तर दोन्ही ग्लासांजवळ पहारा देत उभे राहिले. पाच मिनिटांनी मी रुमाल काढले, हात धुण्याचा साबण लावला, सारखेच चोळले आणि काळ्या काचेसमोर धरले. गार पाण्यातला कोरा होता. उकळत्या पाण्यातल्यावर तपकिरी ठिपका जसाच्या तसा. टॅक्सीवाल्याने फॉर्मवालीकडे पेन मागितलं आणि आपल्या फॉर्मवर चौकोन आखला. त्याचा माझ्याहून सरळ आला.

मग काचेमागचं दार उघडलं आणि दाढीवाला लेखक बाहेर आला. मला वाटलं आता रागावणार. त्याने खुर्ची ओढली, वही काढली आणि म्हणाला, “ताई, मग नीट काढायचा कसा? सगळं सांगा.”

इथे माझी चूक झाली. आमच्या कामाबद्दल आम्हाला कुणी काही विचारत नाही. विचारलंच तर कपडे कधी मिळतील एवढंच. हा माणूस वही उघडून बसला होता. मी फुलले. सांगितलं की गार पाणी, वाहतं, आणि तेही कपड्याच्या उलट्या बाजूने, म्हणजे डाग आला त्या वाटेने परत जातो. मग मीठ. घासायचं नाही, थोपटायचं. तो लिहीत गेला आणि मी बोलत गेले. शेवटी आईंचा निरोपही सांगितला, नावाचा. त्यावर त्याने मान हलवली, पण लिहिलं नाही.

घरी आल्या आल्या आईंनी विचारलं, “कोण?”

“आई, मी सही केलीय.”

“तू केलीस. मी कुठे केलीय?”

मी भाजी चिरायला घेतली. त्या माझ्या पाठीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे तीच.”

मी काही बोलले नाही. हे तर आईंचं वाक्य, हे लक्षात आलं तेव्हा सुरी खाली ठेवली आणि मागे वळले. “हो, तीच. पण मी भांडून आलेय. बदलतील.”

बदललं. शेवटच्या भागात मावशीने मालकाला जिन्यावरून ढकललं, लाँड्रीत आली, आणि गार पाण्याचा नळ सोडला. ॲप्रन उलटा धरला. मीठ घेतलं. थोपटलं. खुनी तीच राहिली, फक्त आता ती कामात हुशार झाली होती. तेवढी हुशारी माझी होती.

जाहिराती लागल्या. आईंनी आवाज बंद केला.

“हे तू सांगितलंस.”

“हो.”

“थोपटायचं, तेसुद्धा?”

“तेसुद्धा. त्या दाढीवाल्या लेखकाने विचारलं हो आई. वही घेऊन बसला होता.”

मला वाटलं, आता त्या उठून आत जातील. त्यांनी पाय वर घेतले आणि खुर्चीत नीट बसल्या.

“बरोबर सांगितलंस. कामाचं खोटं सांगायचं नाही, कुणालाच नाही. पण त्या दाढीवाल्याने अर्धंच विचारलं. आपल्याकडे दिवसाला रक्ताचे किती कपडे येतात?”

“चारशे. कधी जास्तच.”

“मग तिने तो ॲप्रन धुवायचा कशाला? गठ्ठ्यात टाकायचा आणि घरी जायचं. त्या ढिगात कोण बघतंय. लाँड्रीतली बाई रक्ताचा कपडा लपवायला एकटीच रात्रपाळीला नळावर उभी राहील होय? हे ज्याला सुचलं त्याने लाँड्री बाहेरूनच पाहिलीय.”

पन्नास भाग, वीस प्रेक्षक, एक काळी काच. आणि मीसुद्धा, रोज त्याच ढिगापुढे उभी राहणारी, पाणी गरम की गार यातच अडकून पडले होते.

“घे फोन,” आई म्हणाल्या. “लिही.”

त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. “खून मावशीने केलेला नाही. तिला करायचा असता तर तुम्हाला ॲप्रन दिसलाच नसता. तुम्हाला खुनी हवा होता आणि तुमच्या ओळखीतलं कुणी द्यायचं नव्हतं, म्हणून तुम्ही खालच्या मजल्यावरून एक बाई उचललीत.”

“नाव काय घालू?”

“लाँड्री. टेबल क्रमांक चार. एकतीस वर्षं.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तो अभिप्राय लाँड्रीतल्या बाकीच्या पाचजणींना वाचून दाखवला. वळकट्या बांधणारी सगळ्यात धाकटी म्हणाली, “मला पाठव. मी पण टाकते.” मग सगळ्यांनीच टाकला, प्रत्येकीने आपल्या टेबलाच्या क्रमांकासह. इस्त्रीवालीने खाली एक ओळ जोडली, की आमच्याकडे कुणी कॅमेऱ्याकडे बघून हसत नाही, वेळ नसतो.

संध्याकाळी घरी येऊन पान उघडलं तर सहाही अभिप्राय गायब होते. त्या जागी वाहिनीने सगळ्या प्रेक्षकांचे भरभरून दिलेल्या प्रेमाबद्दल आभार मानले होते.

“काढून टाकलं,” मी आईंना सांगितलं. त्यांच्या तोंडाकडे बघायचं मी टाळलं. बाकावरचे तीन दिवस मला माहीत होते.

आईंनी चष्मा पुसला. डोळ्यांवर चढवला. खुर्ची माझ्या बाजूला ओढली, रोज टीव्हीकडे ओढतात तशी.

“पुन्हा टाक,” त्या म्हणाल्या. “आणि थांब, आधी पूर्ण लिहून घे. या वेळी घड्याळाचंही घालायचंय.”